खोकं फेकू नका, मुलांना द्या

शाळेतून चिठ्ठी येते : 'टाकाऊपासून टिकाऊ' स्पर्धा आहे, मुलांनी घरून वस्तू करून आणावी. त्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात गर्दी होते. आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्यांचं पाकीट, चमकी, रंगीत पुठ्ठा, न वापरलेले कागदी कप. टाकाऊ म्हणावं असं त्यात काहीच नसतं. रात्री जेवणं आटोपली की अम्मी किंवा मोठी बहीण पेनस्टँड चिकटवायला बसते. ज्याच्या नावाने तो पेनस्टँड शाळेत जाणार आहे, तो पाच वर्षांचा मुलगा शेजारी झोपून गेलेला असतो. सकाळी पिशवी हातात देताना त्याला बजावलं जातं, 'हात लावू नको, मोडशील.' बक्षीस मिळालं तर घरात आनंद होतो. पण त्या मुलाने काय केलं, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एकच आहे : त्याने पिशवी उचलली.

हा एखाद्या शाळेचा किंवा एखाद्या घराचा दोष नाही. लहान मुलांच्या कल्पनाशक्तीबद्दल आपल्या मनात ज्या समजुती आहेत, त्यातून हे होतं. कल्पनाशक्ती म्हणजे देखणी वस्तू, देखण्या वस्तूला महागडं साहित्य लागतं, आणि महागडं साहित्य लहान मुलांच्या हातात द्यायचं नसतं. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. मुलांना जे साहित्य लागतं ते आपल्या घरात, कारखान्यात आणि गल्लीत पडलेलं आहे. कमी आहे ती मोकळीक, आणि मोकळीक द्यायला पैसे लागत नाहीत.

म्हणून हा लेख मी आईवडिलांपेक्षा तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही घरातल्या आपा आहात, भाईजान आहात, कुणाचे मामू, कुणाची खाला आहात. थकून आलेल्या आईवडिलांपाशी नसतो तो एक तास तुमच्यापाशी असतो. आणि लहान मुलं तुमचं बघून शिकतात.

वस्तू ठरलेली नसते तेव्हा

मी इचलकरंजीत राहते. गेली काही वर्षं दर रविवारी सकाळी मोहल्ल्यातली तीन ते आठ वर्षांची मुलं घेऊन बसते. कधी पंधरा येतात, कधी पंचवीस. साहित्य विकत घ्यावं लागत नाही. हे यंत्रमागाचं गाव आहे. सूत संपलं की उरलेले पुठ्ठ्याचे आणि प्लास्टिकचे कोन, तुटक्या सुताचे गुंते, कापडाच्या कडा, शिंप्याकडच्या चिंध्या, किराणा दुकानातली खोकी, लग्नपत्रिका, काडेपेट्या, नारळाच्या करवंट्या, चिंचोके. मुलं येतात आणि ढिगाला भिडतात. मी काय करायचं ते सांगत नाही.

पहिल्या रविवारी मोठी मुलं हमखास विचारतात, 'आपा, काय बनवायचं?' शाळेत गेलेल्या मुलालाच हा प्रश्न पडतो. तीन वर्षांचं मूल विचारत नाही. ते कोन उचलून तोंडाला लावतं आणि भोंगा वाजवतं, मग डोक्यावर घालतं, मग त्यात चिंचोके भरतं. एका वस्तूचे तीन उपयोग त्याने दोन मिनिटांत शोधले, आणि कुणी शिकवलं नव्हतं.

मागच्या वर्षी एका पाच वर्षांच्या मुलीने साबणाचं खोकं आणि चार कोन जोडून पाण्याचा टँकर केला. कोन खाली उभे लावले होते. चाकं कुठे आहेत, असं दुसऱ्या मुलाने विचारल्यावर ती म्हणाली, 'याला पाय आहेत. आमच्या गल्लीत टँकर शिरत नाही ना. हा चालत येतो आणि जिना पण चढतो.' आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. घागर घेऊन जिना चढणारी अम्मी तिने रोज पाहिलेली आहे. प्रदर्शनात ठेवण्याजोगी ती वस्तू नव्हती. एक पाय सारखा निखळत होता. पण जे आहे ते पाहून, ते वेगळं कसं असू शकेल याचा विचार त्या मुलीने केला होता आणि तो हाताने उभा करून दाखवला होता. कल्पनाशक्ती म्हणतात ती हीच.

दुकानातून आणलेल्या बॅटरीच्या टँकरमधून हे झालं नसतं. त्याला चाकं आहेत, बटण आहे, तो टँकरच आहे. त्याच्याशी खेळता येतं, पण त्याच्यात भर घालता येत नाही. सायमन निकोल्सन या ब्रिटिश कलावंताने १९७१ साली एका लेखात ही गोष्ट नेमकी मांडली होती. मुलांभोवती जितक्या जास्त सुट्या, हलवता-जोडता येण्याजोग्या वस्तू असतील, तितकी त्यांच्या शोधकपणाला वाट मिळते, असं त्याचं म्हणणं. मोठी माणसं सगळं आधीच तयार करून ठेवतात आणि शोधण्याचा आनंद स्वतःच घेऊन टाकतात, ही त्याची तक्रार होती. आपल्या स्पर्धेतल्या पेनस्टँडला ती तंतोतंत लागू पडते.

हे आपल्याकडे नवं नाही

गरीब वस्तीतल्या मुलांना गरीब साहित्य देऊन गप्प बसवायचं, असा याचा अर्थ कुणी काढेल. तसं नाही. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या बाईंनी हा मार्ग पूर्ण विचारांती निवडला होता. ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. तिथे माँटेसोरींच्या पद्धतीवर काम चालत होतं. पण ती साधनं महाग होती आणि खेड्यातल्या मुलांपर्यंत पोचणारी नव्हती. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलांसाठी त्यांनी शिंपले, बिया, दगड, पानं, माती यांतूनच शिकण्याची साधनं तयार केली. मुलं शाळेत येत नव्हती म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आज 'अंगणवाडी' हा शब्द देशभर वापरला जातो, त्याच्यामागे हे काम आहे.

दुसरं नाव अरविंद गुप्ता यांचं. आयआयटी कानपूरहून इंजिनिअर होऊन ते पुण्यात टेल्कोत लागले. १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादला शालेय विज्ञानाच्या प्रयोगात सामील झाले. तिथल्या आठवडी बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाकृती उभ्या केल्या. नंतर पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या कृती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं मोफत आहेत. मोबाईलवर बघायचंच असेल तर मुलांना घेऊन हे बघा, आणि बघून झाल्यावर मोबाईल बाजूला ठेवून करून पाहा.

आणि तिसरं उदाहरण तर आपल्या अगदी घरचं. मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी यंत्रमागाच्या गावात सिनेमे काढले. २००० साली 'मालेगाव के शोले' आला. कॅमेरा पुढे सरकवायला ट्रॉली नव्हती, तर सायकल वापरली. क्रेन नव्हती, तर बैलगाडी उभी करून तिच्यावर कॅमेरा चढवला. फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटामुळे हे जगभर पोचलं आणि २०२५ मध्ये त्यावर हिंदी चित्रपटही आला. तो पाहून आपण हसलो, हळवे झालो, टाळ्या वाजवल्या. पण सायकलमध्ये ट्रॉली दिसणारी नजर तिसाव्या वर्षी अचानक येत नाही. लहानपणी काठीचा घोडा केलेला असतो, काडेपेट्यांची रेल्वे केलेली असते, आणि त्या वेळी कुणी 'हा काय पसारा' म्हणून ती उचलून फेकलेली नसते.

हाताची भीती

आता अडचणींकडे येते. आपल्या घरांमध्ये याला विरोध होतो आणि तो नेहमी अडाणीपणातून होत नाही.

आपली आडनावं पाहा. मोमीन, पिंजारी, मण्यार, रंगरेज, शिकलगार, पटवेगार. बहुतेक आडनावांत एखादा हाताचा धंदा बसलेला आहे. विणणं, पिंजणं, बांगड्या भरणं, रंगवणं, धार लावणं, रेशमाचे गोंडे ओवणं. मोहरमला गावोगाव ताबूत बसतात ते बांबूच्या कामठ्या, कागद आणि खळ यांतूनच उभे राहतात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे गगनचुंबी ताबूत पाहायला लांबून लोक येतात, आणि ते उभारायला हिंदू-मुस्लिम दोघांचे हात लागतात. साध्या वस्तूतून काहीतरी घडवणं ही आपल्या दादा-परदादांची रोजची गोष्ट होती.

पण त्याच कारणाने आजचे अब्बा मुलाच्या हातात चिंधी आणि सुतळी पाहून अस्वस्थ होतात. 'मी आयुष्यभर माग चालवला. माझ्या पोराच्या हातात पेन पाहिजे, कोन नको,' असं एका बापाने मला सरळ सांगितलं. त्यांचं दुःख खरं आहे. गरिबांच्या घरात लहान हात फार लवकर कामाला लागले. विड्या वळायला, कांड्या भरायला, जरीकामाला. बालमजुरीविरोधी कायदा १९८६ मध्ये झाला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी घातली, पण शाळा सांभाळून घरच्या, धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदत करायला मोकळीक ठेवली. घरची मदत कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते, हे कारागिरांच्या वस्तीत राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणूनच फरक नीट समजून घेऊ. मजुरीत नमुना दुसऱ्याचा असतो. शंभर वस्तू एकसारख्या करायच्या असतात, चूक झाली तर बोलणी बसतात आणि वस्तू दुसऱ्याकडे जाते. खेळात नमुना मुलाचा असतो. एकच वस्तू होते, ती मध्येच बदलते, मोडली तरी चालते आणि ती त्याचीच राहते. त्या बापाच्या हाताला घट्टे पडले ते हाताने काम केलं म्हणून खरं, पण त्याला बोच लागली आहे ती वेगळीच. त्या कामात त्याला विचार करायची मुभा कधी मिळाली नाही. मुलाच्या हातात पेन द्यायचंच आहे. पण त्या पेनने स्वतःचं काही लिहायचं असेल, तर स्वतःचं काही सुचण्याची सवय आधी हवी. नाहीतर पेनाचीही मजुरीच होईल.

शेवटी त्या अब्बांनी मुलाला पाठवलं. त्यांना पटलं की नाही हे मी विचारलं नाही. पण एकदा ते स्वतः सायकलच्या कॅरिअरला कोनांचं पोतं बांधून घेऊन आले.

चित्राचा प्रश्न

काही घरांत वेगळी अडचण येते. माणूस, प्राणी यांची चित्रं काढणं किंवा बाहुल्या करणं योग्य नाही, असं मानलं जातं. मुलाने मांजर काढलं की त्याला थांबवलं जातं. मूल गोंधळतं, कारण मांजर त्याचं आवडतं असतं.

या विषयावर उलेमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत, आणि लहान मुलांच्या खेळण्यांना तर अनेकांनी सूट दिलेली आहे. याला आधार म्हणून जो प्रसंग सांगितला जातो, तो आपल्या विषयाशी फार जवळचा आहे. अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात तो आहे. वाऱ्याने पडदा उडतो आणि हजरत आयेशांच्या बाहुल्या दिसतात. त्यांच्यात एक घोडा असतो आणि त्याला चिंध्यांचे दोन पंख लावलेले असतात. घोड्याला पंख कसे, असं पैगंबर विचारतात. सुलेमानांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकलं नाही का, असं उत्तर येतं. त्यावर पैगंबर मनमोकळे हसतात.

या प्रसंगाचा धार्मिक अर्थ लावणं माझं काम नाही. मी मुलांमध्ये बसणारी बाई म्हणून तो वाचते, तेव्हा मला तीन गोष्टी दिसतात. खेळणं चिंध्यांचं होतं. घोडा जसा असतो तसा नव्हता, ऐकलेल्या गोष्टीतून सुचलेला होता. आणि मोठ्या माणसाने तो दुरुस्त केला नाही, त्याच्याबद्दल विचारलं, उत्तर ऐकलं आणि हसून दाद दिली. बालशिक्षणाच्या प्रशिक्षणात आम्हाला हेच शिकवलं जातं.

तरीही ज्या घरात चेहरे नको असतील, त्या घराशी मी भांडत नाही. कागदाचा गोल दुमडा, पुन्हा दुमडा, आणखी एकदा दुमडा, कडेने छोटे काप द्या आणि उघडा. आठ पाकळ्यांची जाळी तयार होते. संभाजीनगरला बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे, तिचा फोटो मुलांना दाखवा. आपल्या कात्रीतून निघालेली जाळी आणि ती जाळी यांचं नातं मुलं लगेच ओळखतात. चित्राच्या प्रश्नावर मतं काहीही असोत, मुलाचा हात रिकामा ठेवायचं कारण त्यातून निघत नाही.

मुलांच्या बाबतीत आणखी एक अडथळा आहे, तो मात्र मला अजिबात मान्य नाही. सुई-दोरा, चिंध्या, मेहंदीची नक्षी हे मुलींचं, आणि हातोडी, चाकं, तारा हे मुलांचं, अशी वाटणी चार वर्षांच्या वयात होते. रविवारी मी ढीग एकच ठेवते. मुलं शिवतात, मुली चाकं लावतात. पहिल्या दोन रविवारी थोडी चिडवाचिडवी होते, मग कुणाला आठवतही नाही.

अभ्यास बुडतो का?

सगळ्यात मोठी हरकत ही. सकाळी शाळा, दुपारी मदरसा, संध्याकाळी ट्यूशन. साडेतीन वर्षांच्या मुलाला ए टू झेड आणि शंभरपर्यंत आकडे यायला हवेत, नाहीतर चांगल्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळणार नाही, ही धास्ती. मग खेळाला वेळ कुठून आणायचा?

इथे कायदा आणि धोरण काय म्हणतं ते तुम्हाला माहीत हवं, कारण घरात वाद तुम्हालाच घालावा लागणार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षं पायाभूत टप्पा मानली आणि या वयात शिकणं खेळातून व्हावं असं स्पष्ट सांगितलं. त्यानुसार २०२२ मध्ये पायाभूत टप्प्याचा आराखडा आला. त्यात परिसरातल्या साध्या, स्वस्त साहित्याचा वापर करायला सांगितलं आहे. २०२३ मध्ये सरकारने 'जादुई पिटारा' नावाची खेळण्यांची पेटीही आणली. कागदावर सगळं आहे. पण शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे. तीन ते सहा वयाच्या मुलाला तो शिक्षणाचा सरसकट हक्क देत नाही, आणि नेमक्या याच वयात बालवाडीच्या नावाखाली गृहपाठाच्या वह्या सुरू होतात.

आणि हाताचं म्हणाल, तर अक्षर गिरवायला बोटांत जी ताकद आणि नेमकेपणा लागतो, तो कागद फाडून, माती मळून, दोरा ओवून, गाठ मारून येतो. दीड-दोन वर्षांचं मूल रेघोट्या ओढतं. तीनच्या आसपास गोल मिटवायला लागतं. मग त्या गोलालाच हातपाय फुटतात, पोट नसतंच. जगभरच्या मुलांची माणसं सुरुवातीला अशीच दिसतात. ती चूक नाही, पायरी आहे. 'पोट कुठे आहे? थांब, मी काढून दाखवते,' असं म्हणून आपण ती पायरी काढून घेतो. मूल पुढच्या वेळी कागद आपल्यासमोर धरून म्हणतं, 'तूच काढून दे.' तिथे त्याचं चित्र थांबतं.

चिंचोके मोजताना अंक येतात. दोन कोनांवर खोकं उभं राहत नाही, तीन कोनांवर राहतं, हे कळतं तेव्हा भूमिती येते. हळदीच्या पाण्याने रंगवलेल्या कागदावर साबणाचा ओला हात लागला की पिवळ्याचं लाल होतं, आणि मुलं 'का?' विचारतात. ट्यूशनमध्ये हा प्रश्न ऐकू येत नाही.

काय करायचं

फार मोठं काही करायचं नाही. एक खोकं ठेवा. घरात जे फेकलं जाणार आहे, त्यातलं स्वच्छ, कोरडं, धार नसलेलं त्यात टाका. पुठ्ठा, झाकणं, कापड, दोरा, करवंट्या, जुनी कॅलेंडरं, एका बाजूने कोरे कागद. चिकटवायला कणकेची खळ शिजवा. रंगाला हळद, चहाचं पाणी, बीट, गेरू आणि कोळसा पुरेसे आहेत.

काय टाकू नये तेही लिहून ठेवा. ब्लेड, काच, गंजलेले पत्रे, तेलकट चिंध्या, रसायनांचे डबे, भंगारातले इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, आणि घड्याळातल्या बटणासारख्या बॅटऱ्या, कारण त्या गिळल्या तर जिवावर बेततं. तीन वर्षांखालचं मूल असेल तर चिंचोके, मणी, बटणं नकोत, प्लास्टिकच्या पिशव्याही नकोत. मुलांना एकटं सोडू नका. शेजारी बसा, पण त्यांच्या हातातलं काढून घेऊ नका.

बसल्यावर तीन गोष्टी पाळा. 'हे काय आहे?' असं परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका. 'याची गोष्ट सांग' असं म्हणा. नुसतं 'छान, छान' करू नका. जे दिसतं ते बोला : तू तीन गाठी मारल्यास, हे उभं राहिलं. आणि दोन मुलांच्या वस्तूंची तुलना करू नका, बक्षीस ठेवू नका. बक्षीस ठेवलं की मुलं तुमच्याकडे बघून काम करतात.

खोली एकच आहे, पसारा होतो, ही अम्मीची तक्रार रास्त आहे, कारण झाडू तिच्याच हातात असतो. म्हणून जुनी चादर अंथरा, पसारा चादरीच्या आतच ठेवायचा असा नियम करा, आणि तास संपला की चादर तुम्ही आणि मुलांनी मिळून झटका. पसारा घालायचा आणि आवरायला आईला हाक मारायची, हे चालणार नाही.

घरात जागाच नसेल तर मोहल्ल्यात शोधा. वाचनालयाचा व्हरांडा, शाळेचं रविवारी बंद असलेलं आवार, रिकामा शादीखाना, गच्ची. चार मित्रमैत्रिणी महिन्यातले चार रविवार वाटून घेऊ शकतात. जवळच्या अंगणवाडीत जाऊन सेविकांशी बोला. त्यांच्यावर पोषण आहारापासून सर्वेक्षणापर्यंत कामांचा डोंगर असतो. तुम्ही आठवड्याला एक पोतं स्वच्छ साहित्य नेऊन दिलं आणि तासभर बसलात, तर त्या तुम्हाला नाही म्हणणार नाहीत. आणि धाकट्याच्या शाळेत पुढच्या वेळी ती स्पर्धा लागली, तर पालकसभेत उभं राहून एवढंच मागा : वस्तू घरून आणायला सांगू नका, साहित्य घरून आणायला सांगा आणि मुलांना वर्गात बसून करू द्या.

आपण तरुण मुलं-मुली हक्कांबद्दल बोलतो. शिक्षणाबद्दल, पाण्याबद्दल, कायद्यापुढच्या समानतेबद्दल. या सगळ्या बोलण्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट असते : आज आहे हे असंच असलं पाहिजे असं नाही, हे सुचणं. ज्याला लहानपणापासून फक्त दिलेला नमुना उतरवायला शिकवलं, त्याला मोठेपणी ते सुचणं कठीण जातं. टँकरला पाय लावणारी मुलगी उद्या महानगरपालिकेला प्रश्न विचारेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण प्रश्न विचारायला जी सवय लागते, तिची सुरुवात तिच्याकडे झाली आहे.

येत्या रविवारी दुकानात जाऊ नका. पलंगाखाली आणि माळ्यावर बघा, एखादं खोकं सापडेलच.